धापा आणि खापरा

बीरशेबा, ता. ४ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप हासाजीकाकांच्या सेवेशी, रुथचा शालोम.

इकडे आल्यापासूनच्या सहा वर्षांत मी तुम्हाला स्वतःहून लिहिलेलं हे पहिलंच पत्र. एरवी तुमच्या पुतण्याच्या पत्राखाली दोन ओळी खरडते आणि तेवढ्यावर भागवते. हे मात्र बेंजामिनला न सांगता लिहिते आहे. तो आठवडाभर मृत समुद्राकाठच्या कारखान्यात असतो आणि शुक्रवारी घरी येतो. तेव्हा उत्तर घरी न पाठवता मी काम करते त्या रोपवाटिकेच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता मागे लिहिला आहे.

तमारवन्संचं पत्र आलं. पनवेलची सगळी खबर होती, आणि शेवटी आनंदानं लिहिलं होतं की दिवाळी झाली की आपल्या कबरस्तानाच्या खाडीकडच्या कोपऱ्यात भराव टाकणार, चांगला कमरेइतका, म्हणजे उधाणाचं पाणी आत शिरायचं थांबेल. त्यांच्या दृष्टीनं ती चांगलीच बातमी. मी मात्र ते पत्र हातात घेऊन कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिले. त्या कोपऱ्यात बिनदगडाची लहानगी आहेत. आमचा मनासे तिथं आहे.

अकरा दिवसांच्या मुलासाठी आपल्यात दगड बसवत नाहीत, सात दिवस सुतकाला बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेव्हाही मी काही मागितलं नव्हतं. पण आता त्याच्यावर कमरेइतकी माती पडायची आणि कुठं काय होतं ते कुणालाच कळायचं नाही, हे मला सोसवत नाही. भराव पडायच्या आधी तिथं एक दगड बसवा, भरावाच्या वर डोकं काढील एवढा. एवढंच माझं मागणं आहे.

जागा ओळखायची खूण आहे. मी बाळंतपणातून उठल्यावर, महिन्यानं, तुम्ही मला तिथं नेलंत आणि काठीनं जागा दाखवलीत. ते उपकार मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत गेले आणि तिथं एक रोप लावलं. जासईची वेणू मीठ विकायला दारावर यायची, तिनं मिठागराच्या बांधावरून आणून दिलं होतं. जाड पानं, तांबूस देठ, बारीक गुलाबी फूल. वेणू म्हणाली होती, याला कुणी पाणी घालायला लागत नाही. मला तसंच हवं होतं, कारण आमच्या इकडे यायचं बोलणं तेव्हाच सुरू झालं होतं.

आपली,
रुथ


पनवेल, ता. १६ ऑगस्ट १९५७

चि. सौ. रुथ हिस, हासाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सिनेगॉगची राखण करणारा शम्माश या नात्यानं कबरस्तानाच्या किल्ल्याही माझ्याच कमरेला असतात, त्यामुळे कुणाला विचारायचं कारण पडलं नाही. दुसऱ्याच दिवशी पाऊस उघडला तसा जाऊन आलो.

बाई, तू लावलंस एक रोप, आणि आज तिथं सबंध गणगोत नांदतं आहे. कोपरा म्हणजे आपल्या पडवीच्या दीडपट जागा, पण पाय ठेवायला मोकळी म्हणून नाही. जिकडे पाहावं तिकडे जाड पानं, तांबूस देठ, बारीक गुलाबी फूल. तीस वर्षं ड्रॉइंग मास्तरकी केली, पोरांकडून पानं काढून घेतली, पण या गर्दीतून तुझं रोप निवडायला सांगितलंस तर मी नापास.

आता थोडं वडीलकीच्या नात्यानं लिहितो, रागावू नकोस. आपल्यात लहानग्यांना दगड नसतो, त्याला काहीतरी कारण असेल. ती सगळी एका ठिकाणी आहेत. एकाच मातीखाली राहतील. मनासे हे माझ्या थोरल्या भावाचं नाव, आणि त्या नावाच्या पोराला मी या हातांनी खाली ठेवलं आहे, तेव्हा मला काही वाटत नाही असं समजू नकोस. पण तू आता तिकडे घर मांडलं आहेस. हे मनातून काढून टाकता आलं तर पाहा.

तमार बरी आहे. माझे गुडघे तेवढे माझं ऐकत नाहीत.

तुझा,
हासाजीकाका


बीरशेबा, ता. २८ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप काकांना, रुथचा शालोम.

मनातून काढता आलं असतं तर आठ वर्षांत काढलं असतं. तुमचे गुडघे दुखतात हे वाचून वाईट वाटलं, आणि तरीही तुम्हालाच खाली बसवणार आहे, त्याबद्दल क्षमा करा. माझं दुसरं कोण आहे तिथं?

आमच्या मुकादमीण रुमानियाच्या आहेत. मला त्यांची हिब्रू कळत नाही आणि त्यांना माझी, पण झाडाचं काही असलं की आम्हा दोघींना बरोबर कळतं. इथली जमीनही खारट, वर पांढरी पापडी धरणारी. त्यांना मी आठवणीतलं फूल कागदावर काढून दाखवलं. त्यांनी एक जाडं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. एक नव्हे, दोन ठिकाणी. एकाच कुळातली दोन झाडं आहेत, काका. दोन्ही खाऱ्या जमिनीत येतात आणि लांबून अगदी एकसारखी दिसतात. नावं लॅटिनमधली होती, पण चित्रं पाहताच मी ओळखली. एक आपला धापा, वेणूनं दिलेला. दुसरा खापरा, जो पावसाळ्यात कुठंही माजतो. तुम्ही पाहिलात तो बहुतेक खापराच.

ओळखायचं ते असं. धाप्याची पानं जोडीनं येतात आणि जोडीतली दोन्ही पानं जवळजवळ सारखी असतात. खापऱ्याच्या जोडीत एक पान मोठं आणि एक लहान. धाप्याचं फूल छोट्या देठावर बाहेर येतं, आतून गुलाबी आणि पाठीमागून हिरवं. खापऱ्याचं फूल देठाशिवायच पानाच्या बगलेत दडून बसतं. दोन्ही फुलं उन्हातच उघडतात, म्हणून दहा ते एकच्या सुमारास जा. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर गेलात तर मिटलेली दिसतील आणि फसाल.

मला पक्कं आठवतं, मी लावलेलं फूल देठावर होतं, कारण ते वाऱ्यानं हलत होतं. शंका आली तर चार पानं वहीत दाबून पाठवा.

तुमची,
रुथ


पनवेल, ता. ९ सप्टेंबर १९५७

चि. सौ. रुथ हिस, आशीर्वाद.

रोज दहा ते एक कबरस्तानात बसतो. सोबत एक पाट, छत्री आणि जुनं भिंग. तपासून झालेल्या झुडपाला लाल दोरा बांधतो, नाहीतर त्याच त्या झाडाची दोनदोनदा परीक्षा घेतली जाते. तीस वर्षं पोरांना पान काढायला शिकवलं आणि पान पाहायला आता शिकतो आहे. मोठं पान, लहान पान, बगलेतलं फूल. मोठं पान, लहान पान, बगलेतलं फूल. आता डोळे मिटले तरी तेच दिसतं.

आपलं नवं वर्ष जवळ आल्यामुळे लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर येऊ लागले आहेत. मला पाटावर वाकलेला पाहून तमारनं विचारलं, काका, काही हरवलं का? मी म्हटलं, चश्मा. तर तिनं माझ्या नाकावरचा चश्मा दाखवला. आता गावात मी थोडा चळलो असं झालं आहे.

पाऊण कोपरा पाहून झाला. सगळा खापरा. पाच ठिकाणची पानं दाबून सोबत पाठवली आहेत, तूच पाहा. माझ्या मनाचं सांगू का, तुझं रोप आता तिथं नसावं. आठ पावसाळे गेले, किती उधाणं आली. नसलं तर आपण काय करणार? ज्याअर्थी नाही, त्याअर्थी ते तसंच असायचं होतं असं समजून सोडून द्यावं.

आणि एक विचारतो. जागा तुला नक्की आठवते का? बाळंतपणातून नुकती उठली होतीस, अंगात ताप होता. मी कुठं दाखवली आणि तू कुठं पाहिलीस, यात काही फरक झाला असेल.

हासाजीकाका


बीरशेबा, ता. २० सप्टेंबर १९५७

ती. काकांस,

पाचही पानं खापऱ्याची. तुम्ही बरोबर ओळखलीत.

तुम्ही कंटाळला आहात हे दिसतं आहे. तुमच्या वयाच्या माणसाला मी महिनाभर चिखलात बसवलं, याची लाजही वाटते. पण जागा मला नक्की आठवते का, हे तुम्ही विचारायला नको होतं. तुमच्या काठीचं टोक जिथं टेकलं होतं, तिथं मी बोटानं खळगा केला. दुसऱ्या दिवशी तोच खळगा शोधून त्यात रोप लावलं. मला त्या दिवसातलं दुसरं काही आठवत नाही, कोण बरोबर होतं, मी काय नेसले होते, काही नाही. काठीचं टोक आठवतं.

तुम्हाला कधी कळवलं नाही, आज कळवते. त्यानंतर मला मूल झालं नाही आणि होणारही नाही. इथल्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी तसं स्पष्टच सांगितलं. बेंजामिन त्यावर बोलत नाही. तो काही बोलत नाही म्हणून मीही बोलत नाही. आमचं जे काही मूल आहे ते त्या कोपऱ्यात आहे.

उरलेला पाव कोपरा पाहा. नाही जमलं तर वेणूला घेऊन जा. रोप तिचं आहे, तिला ओळखू येईल.

रुथ


पनवेल, ता. ७ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. रुथ हिस,

रोप सापडलं.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारी जासईला गेलो. वेणू आता म्हातारी दिसू लागली आहे, पण मिठागरावर अजून जाते. तुझं नाव काढताच हातातलं काम टाकून उठली आणि गुरुवारी सकाळी माझ्याआधी फाटकाशी येऊन उभी राहिली. भिंग नाही, पाट नाही. माझ्या लाल दोऱ्यांकडे बघून तिला हसू आलं. तिनं एका झुडपाला मधोमध धरून वर ओढलं, तर सबंध पसारा एका मुळावर उचलून आला.

"मास्तर, ह्यो खापरा," ती म्हणाली. "पाऊस आला का उगवतो, पाऊस गेला का मरतो. पुढल्या साली बी पडंल तिथं येतो. धापा तसा नाय. त्यो पेरा-पेराला मूळ धरतो. एकदा बसला का बसला."

मग ती भिंतीच्या कडेनं, जिथं पाणी सगळ्यात जास्त साचतं आणि जिथं मी कपडे खराब होतील म्हणून गेलो नव्हतो, तिथं अनवाणी गेली. खापरा हातानं बाजूला करत करत ती एका ठिकाणी थांबली. दोन हात लांब, हातभर रुंद. ओढलं तर उचलेना, प्रत्येक पेर जमिनीला धरून. पानांच्या जोड्या सारख्या. मी भिंग लावून पाहिलं, फूल देठावर होतं. आतून गुलाबी, पाठीमागून हिरवं. वेणूनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "रुताबायला लिवा, झाड जित्तं हाय."

रुथ, मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. दोन महिने मी ते रोप शोधत होतो आणि ते सापडू नये अशी माझी इच्छा होती. आता सगळं सांगतो.

तुझा मुलगा शुक्रवारी सकाळी गेला. बेंजामिन मुंबईला कामावर होता, त्याला निरोप पोचायला उशीर झाला. सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आत सगळं उरकायचं होतं. मी आणि खड्डा खणणारा बुधाजी, आम्ही दोघांनीच ते केलं. लहानसा ढीग होता, मी त्यावर खूण म्हणून एक वीट ठेवली. रविवारी अमावास्येचं उधाण आलं. पाणी भिंतीवरून आत आलं आणि दोन दिवस राहिलं. ते ओसरल्यावर मी पाहायला गेलो तेव्हा कोपरा पाटासारखा सपाट झाला होता. वीट कुठं गेली कळलं नाही. बुधाजीला विचारलं, तर त्यालाही सांगता येईना. पुढं तो उरणला मुलाकडे गेला आणि तिथंच वारला.

महिन्यानं तू आलीस. पोटाला फडकं घट्ट बांधलं होतंस, भिंतीला धरून चालत होतीस. कोपऱ्याशी थांबलीस आणि माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मला "ठाऊक नाही" म्हणता आलं नाही. मी काठी उचलली आणि टेकवली. कुठं टेकली ते मी पाहिलंही नाही, मी तुझ्याकडे पाहत होतो. वाटलं, आज हिचं समाधान होऊ दे, चार वर्षांनी दुसरं मूल मांडीवर असेल तेव्हा हिला हा कोपरा आठवणारही नाही. दुसऱ्या दिवशी तू तिथं झाड लावशील हे मला कसं कळावं?

धापा आहे तिथं तुझं मूल असेलच असं नाही. त्या कोपऱ्यात वीस-पंचवीस लहानगी आहेत. त्यातल्या कुणाचंही असेल.

हे मी कळवलं नसतं तरी चाललं असतं. दगड सिनेगॉगच्या मागे तयार पडला आहे, धाप्यावर बसवला असता आणि तुला लिहिलं असतं की झालं. परवा शनिवारी दारफाळणीचा सण होता. दिवसभराचा उपास धरून, सगळ्यांबरोबर उभं राहून, वर्षाच्या पापांची क्षमा मागितली. पण माणसाचा अपराध केला असेल तर तो त्या माणसालाच सांगावा लागतो, ते देव आपल्याकडे घेत नाही, असं मीच इतकी वर्षं लोकांना सांगत आलो आहे. भोंगळ माणूस आहे मी, पण एवढं कळतं.

भराव ४ नोव्हेंबरला सुरू होणार. दगडाचं काय करू ते सांग. काहीच लिहायचं नसेल तर तेही मी समजेन.

हासाजी


बीरशेबा, ता. २० ऑक्टोबर १९५७

ती. हासाजीकाकांस,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवार, बुधवार मी तुमचा राग राग केला. मनात तुम्हाला नाही नाही ते बोलले. आठ वर्षं मी रात्रंदिवस एका जागेकडे तोंड करून जगले आणि ती जागा तुम्ही न बघता दाखवली होती. हे मी इथं लिहून ठेवते, कारण नाही लिहिलं तर पुढचं खरं वाटणार नाही.

शुक्रवारी बेंजामिन आला. त्याला सगळी पत्रं दिली, माझ्या पत्रांत काय होतं ते सांगितलं. त्यानं तुमचं शेवटचं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मी जागा कधी विचारलीच नाही. विचारली असती तर तिथं जावं लागलं असतं." इतकं बोलून तो रडला. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. काल दिवसभर आम्ही मनासेबद्दल बोललो. त्याचे कान तुमच्या भावासारखे होते असं बेंजामिन म्हणाला. मला ते कधी सुचलं नव्हतं.

दगड धाप्यावरच बसवा. तिथं ज्याचं कुणाचं मूल आहे, त्याला मी आठ वर्षं माझं म्हटलं आहे. ते मी आता परत घेणार नाही. मात्र दगडावर नाव घालू नका, काहीच लिहू नका. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही आणि दुसऱ्याचं नाव त्याच्यावर लादणं बरं नाही. त्याच्या आईला कधी कळलंच, तर तिला सांगा की त्याच्यासाठी कुणीतरी रडत होतं.

माझ्या मनासेसाठी मात्र कुणी त्याच्या जवळ जाऊन काही केलेलं नाही, हे आता मला कळलं आहे. तो कुठंतरी त्या खापऱ्याखाली आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून जगत होते.

आठव्या दिवशी त्याचं नाव ठेवलं, अकराव्या दिवशी तो गेला. नावानं हाक मारायला मला चारच दिवस मिळाले आणि त्यातले दोन मी तापात होते. काका, भराव पडायच्या आधी एकदा तिथं जा. कोपऱ्यात कुठंही उभे राहा, पडवीच्या दीडपट तर जागा आहे, तुम्ही कुठंही उभे राहिलात तरी त्याच्यापासून फार लांब नसाल. आणि त्याला मोठ्यानं हाक मारा. तुमच्या थोरल्या भावाचंच ते नाव, तुम्हाला ते घ्यायची सवय आहे. हळू मारू नका, लोक काही म्हणोत.

आईनं हाक मारायला सांगितली आहे, असं म्हणा.

तुमची,
रुथ